उजेडाचा हिशेब : प्रस्तावना

फ्लॅटचा ताबा मिळाला की इंटिरियरच्या कामाची बोलणी सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत प्रश्न येतोच, "थ्रीडी देणार ना?" एके काळी हा प्रश्न बंगल्यांच्या कामातच निघायचा. आता वन बीएचकेच्या किचन ट्रॉल्यांनासुद्धा थ्रीडी लागतो. गिऱ्हाईक ते चित्र व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवतं, मतं मागवतं, रंग ठरवतं, मग आगाऊ रक्कम देतं. सुतार तेच चित्र मोबाइलवर मोठं करून हँडल आडवं की उभं ते बघतो. म्हणजे डिझायनरच्या लेखी ती कल्पना, गिऱ्हाइकाच्या लेखी ते आश्वासन आणि सुताराच्या लेखी ती ऑर्डर. एकाच चित्रावर एवढा भार असेल, तर त्यातलं किती मोजून आलेलं आहे आणि किती नुसतं सजवलेलं, हे तिघांनाही कळायला हवं. हे पुस्तक त्यासाठी आहे.

घर डिझाइन करण्याच्या सॉफ्टवेअरमधून फोटोसारखं हुबेहूब चित्र काढणं, म्हणजे रेंडरिंग, हा त्याचा विषय. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ कोणतं बटण कुठे आहे ते सांगतात. बटणं दर आवृत्तीत जागा बदलतात. इथे मांडलेली गोष्ट त्यापेक्षा टिकाऊ आणि थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे: चित्र खरं दिसायला हवं असेल तर आधी त्यात भरलेले आकडे खरे हवेत. खोलीची मापं, खिडकीची दिशा, भिंत किती उजेड परत फेकते, दिवा किती ल्युमेनचा, लेन्स किती मिलिमीटरची, एवढं बरोबर भरलं तर फुकटच्या सॉफ्टवेअरमधूनही विश्वास बसेल असं चित्र निघतं. चुकीचं भरलं, तर महागडं सॉफ्टवेअर ती चूक जास्त चकचकीत करून दाखवतं, इतकंच.

न झालेलं काम झाल्यासारखं दाखवायची युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हंफ्री रेप्टन नावाचा बागा आखणारा माणूस जमीनदारांना लाल चामड्यात बांधलेली वही करून देई. वहीत त्यांच्या इस्टेटीचं आजच्या स्थितीतलं जलरंगातलं चित्र असे. चित्रावर कागदाची झडप चिकटवलेली असे. ती उचलली की सुधारणा झाल्यानंतरचं दृश्य दिसे. आपल्या बिफोर-आफ्टरचा हा आजोबाच म्हणायचा. मात्र रेप्टनच्या चित्रात ऊन कुठे पडेल, सावली किती गडद असेल, हे त्याचा हात ठरवत होता. संगणकाने फरक केला तो इथे. उजेड रंगवण्याऐवजी मोजून काढता येऊ लागला.

१९८० साली बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेड यांनी किरणांचा उलटा माग काढण्याची रीत मांडली. डोळ्यापासून निघायचं, वस्तूवर आदळायचं, तिथून परावर्तन किंवा वक्रीभवन होऊन किरण कुठे जातो ते पाहायचं. काचेच्या गोळ्याचं त्यांचं ते गाजलेलं छोटंसं चित्र काढायला तेव्हाच्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटं लागली. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधं खोकं घेतलं: बाजूच्या भिंती रंगीत, बाकीच्या पांढऱ्या. रंगीत भिंतीवरून उसळलेला उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीला आपली झाक देतो, हे त्यांनी गणितात पकडलं. पुढे १९८६ मध्ये कॉर्नेलमध्येच खरं खोकं आणि गणिताने काढलेलं चित्र यांची लोकांकडून तुलना करवून घेतली, तेव्हा खरं कोणतं हे सांगताना बघणाऱ्यांची मजल अंदाजापलीकडे गेली नाही. त्याच वर्षी जेम्स काजिया यांनी उजेडाच्या या सगळ्या उसळ्या एका समीकरणात बांधल्या. रेंडरिंगसाठी आजचं ब्लेंडरमधलं सायकल्स घ्या किंवा बल्गेरियात सुरू झालेल्या केऑस कंपनीचं व्ही-रे, आत चाललेलं असतं ते त्या समीकरणाचं उत्तर शोधणंच.

समीकरण नेमकं सोडवता येत नाही, म्हणून संगणक नमुने घेतो. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून शेकडो किरण यदृच्छेने सोडायचे, भिंतीवर, फरशीवर, छतावर उसळू द्यायचे आणि आलेल्या उजेडाची सरासरी काढायची. नमुने कमी असतात तोवर चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. हे ठिपके निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. पाव करायचे तर सोळापट. शेवटचा थोडासा खडबडीतपणा घालवण्यासाठी मशीन रात्रभर का चालतं, याचं उत्तर या हिशेबात आहे. अलीकडे डीनॉइझर, म्हणजे ठिपके पुसणारा प्रोग्रॅम, हे काम काही सेकंदांत करतो. त्याच्यावर फार विसंबलं तर सोफ्याच्या कापडाची वीण आणि शहाबादी फरशीचा खरखरीतपणा तो ठिपक्यांबरोबर पुसून टाकतो आणि सगळं घर मेणाचं दिसू लागतं. त्याला थोडं कमी काम शिल्लक ठेवलं, म्हणजे नमुने बऱ्यापैकी वाढवले, की दोन्ही साधतं.

या सगळ्या आकड्यांत सर्वांत दुर्लक्षित आकडा सूर्याचा. वास्तुशास्त्रासाठी होकायंत्र घेऊन दाराची दिशा तपासणारे आपण, फाइलमधली उत्तर दिशा मात्र जिथे असते तिथेच राहू देतो. स्केचअप या सॉफ्टवेअरचा जन्म अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावचा. पुढे ते २००६ मध्ये गूगलकडे आणि २०१२ मध्ये ट्रिंबलकडे गेलं, पण नवी फाइल उघडली की जागा बोल्डरचीच धरलेली असते. बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरा अंशांवर. २२ डिसेंबरच्या भर दुपारी बोल्डरला सूर्य क्षितिजापासून साडेसव्वीस अंशांवर असतो, पुण्यात ४८ अंशांवर. आता सात फुटांवर लिंटेल असलेली दक्षिणेची खिडकी घ्या. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं तर बोल्डरच्या सूर्याचं ऊन १४ फूट आत येतं, पुण्याचं जेमतेम सव्वासहा फूट. वर दोन फुटांचा छज्जा असेल तर पुण्यात उरतं सव्वाचार फूट. म्हणजे जागा न बदलता काढलेल्या चित्रात हॉलच्या पार मागच्या सोफ्यावर कोवळं ऊन सांडलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते खिडकीजवळच्या कुंडीच्या पुढे सरकत नाही. गिऱ्हाइकाला ते ऊन आवडलेलं असतं. ते कोलोरॅडोचं आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

उन्हाळ्यात चूक उलट्या बाजूने होते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपण शून्य सावलीचा दिवस पाहतो. पुण्यात तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतो. या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. चाळिसाव्या अक्षांशावर दुपारी असं कधीच घडत नाही. त्या भागासाठी लिहिलेल्या पुस्तकांतली 'उत्तरेचा उजेड सौम्य' ही शिकवण इथे आंधळेपणाने वापरली तर जूनमध्ये अभ्यासिकेच्या टेबलावर ऊन येतं आणि कोणाला त्याचा पत्ता लागत नाही.

त्यातच आपल्याकडे चार महिने पावसाचे. कोणत्याही ब्रोशरमध्ये जुलैतली दुपारचे चार वाजतानाची खोली दिसणार नाही. सगळीकडे निळं आकाश. थेट उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी तो दहा हजारांवर किंवा त्याच्याही खाली येतो आणि ओट्यापर्यंत पोचतो तेव्हा काहीशेच्या घरात उरतो. या पुस्तकात प्रत्येक खोलीचं एक रेंडर ढगाळ आकाशाखाली काढायला सांगितलं आहे. ते चित्र देखणं येत नाही. पण ओट्यावर दिवसा दिवा लागेल का, ड्राय बाल्कनीला काच लावल्यावर स्वयंपाकघर अंधारेल का, हे तेच सांगतं.

ऊन झालं, आता भिंती. नवशिक्या हाताने रंगवलेली पांढरी भिंत बहुधा सॉफ्टवेअरमधला शंभर टक्के पांढरा रंग घेते. जगात असा रंग नाही. चांगला पांढरा इमल्शनसुद्धा पडलेल्या उजेडापैकी ८० ते ८५ टक्केच परत फेकतो. हा आकडा काही रंगकंपन्या एलआरव्ही म्हणून शेडकार्डावर छापतात. शंभर टक्के पांढऱ्या खोलीत उजेड उसळतच राहतो, कोपऱ्यांतल्या सावल्या मरतात आणि खोली दुधात बुडवल्यासारखी सपाट दिसते. पांढरा ८० वर आणला की भिंत आणि छत जिथे भेटतात तिथली हलकी करडी रेघ परत येते. डोळा खोलीची खोली त्या रेघेवरून ओळखतो. काच, पॉलिश, लॅमिनेट, ओली फरशी यांचंही तसंच. समोरून पाहिलं तर अशा पृष्ठभागांवरून सुमारे चार टक्केच उजेड आरशासारखा परततो, पण नजर तिरपी होत गेली की प्रतिबिंब झपाट्याने वाढतं. व्हिट्रिफाइड टाइल पायाजवळ मॅट आणि दाराजवळ आरसा वाटते ती यामुळे. सगळीकडे सारखीच चमक दिली की फरशी प्लास्टिकची होते.

रंगाची झाक हा कॉर्नेलच्या खोक्यातला धडा आपल्या इमारतींच्या साइड मार्जिनमध्ये रोज पाहायला मिळतो. शेजारची इमारत पोपटी रंगाची असेल तर दुपारी तिच्यावरून उसळलेला उजेड तुमच्या बेडरूमच्या ऑफ-व्हाइट भिंतीला हिरवट करतो. कोकणातल्या घरात लाल कोब्याची जमीन पांढऱ्या छतावर गुलाबी छटा चढवते. म्हणून मॉडेलमध्ये खिडकीबाहेर निळ्या डोंगरांचा फोटो चिकटवण्यापेक्षा समोरच्या इमारतीचा साधा ठोकळा, तिच्या खऱ्या रंगाचा आणि खऱ्या अंतरावर, उभा करणं जास्त मोलाचं. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दिव्यांच्या बाबतीत घोळ होतो तो रंगतापमानाचा. चित्रात वॉर्म व्हाइट, म्हणजे ३००० केल्विनच्या आसपासचे कोव्ह लाइट असतात. इलेक्ट्रिशियन दुकानातून ६५०० केल्विनचा कूल डेलाइट घेऊन येतो. मग गिऱ्हाइकाने हौसेने निवडलेला बेज रंग राखेसारखा दिसतो आणि दोष रंगाऱ्यावर येतो. दिव्याचं ल्युमेन आणि केल्विन दोन्ही खोक्यावर छापलेलं असतं. तेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे आणि चित्रासोबत यादीतही द्यायचे.

लाकूडकामात रेंडर आणि साइट यांची गाठ सर्वांत लवकर पडते. चित्रात नऊ फुटांचा वॉर्डरोब, वरच्या लॉफ्टसकट, एका अखंड अक्रोडी पानाचा. सुतार चित्र बघतो आणि विचारतो, "शीट आठ फुटांची येते, जोड कुठे घेऊ?" सनमायकाची शीट आठ बाय चारची असते हे मॉडेल करणाऱ्याने ध्यानात घेतलं असतं, तर जोड लॉफ्टच्या दाराखाली सहज लपला असता. दुसरी गोष्ट रेषांची. दोन फुटी नमुन्याचा फोटो सात फुटांच्या शटरवर ताणला की लाकडाच्या रेषा बोटाएवढ्या जाड होतात. पाहणाऱ्याला काहीतरी खोटं आहे एवढं जाणवतं, काय ते सांगता येत नाही. टेक्श्चरला त्याचं खरं माप देणं हा त्यावरचा सोपा इलाज. कडांचंही तसंच. प्लायची कडा एज बँड लावल्यावरही किंचित गोलसर असते आणि त्या मिलिमीटरभर गोलाईवर उजेडाची बारीक रेघ चमकते. मॉडेलमधली कडा सुरीसारखी धारदार ठेवली तर ती रेघ नाहीशी होते आणि कपाट कागदाचं वाटतं.

कॅमेऱ्याबद्दल मात्र थोडं कठोर बोलायला हवं, कारण इथे चूक क्वचितच नकळत होते. दहा बाय अकराची बेडरूम घ्या. पाच बाय साडेसहाचा पलंग, डोक्याकडे तीन इंचांचं पॅनल, समोरच्या भिंतीला दोन फूट खोल वॉर्डरोब. अकरा फुटांतून हे सगळं वजा केलं की पलंग आणि वॉर्डरोब यांच्यामध्ये सव्वादोन फूट उरतात. वॉर्डरोबचं दीड फुटी शटर उघडलं की माणसाला उभं राहायला नऊ इंच. ही खोली भिंत कापून, कॅमेरा बाहेर पॅसेजमध्ये ठेवून, १८ मिलिमीटरच्या लेन्सने दाखवली की तीच जागा ऐसपैस वाटते. सॉफ्टवेअरला भिंतीतून आरपार पाहता येतं, राहणाऱ्याला येत नाही. म्हणून इथे एक नियम पाळला आहे: कॅमेरा माणूस जिथे उभा राहू शकतो तिथेच, डोळ्यांच्या उंचीवर, आणि लेन्स शक्यतो २४ मिलिमीटरपेक्षा रुंद नाही. त्या लेन्समध्ये संपूर्ण खोली मावत नसेल तर दोन चित्रं काढावीत. त्या नऊ इंचांकडे पाहून स्लायडिंग शटरचा निर्णय चित्रातच झाला तर प्लाय कापण्याआधी झाला.

फोटोग्राफीचं भान किती लागतं याचा दाखला आयकियाचा घ्यावा. त्यांच्या कॅटलॉगसाठी २००६ मध्ये बर्टिल नावाच्या खुर्चीचं चित्र पहिल्यांदा पूर्णपणे संगणकावर तयार झालं. २०१४ च्या सुमारास त्यांच्या उत्पादनांच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रं कॅमेऱ्याशिवाय निघत होती. दर्जा सावरला तो दोन्ही बाजूंच्या शिक्षणाने: फोटोग्राफरांना थ्रीडी शिकवलं आणि थ्रीडीवाल्यांना फोटोग्राफी. खिडकीबाहेरचं दृश्य आणि आतला अंधारा कोपरा दोन्ही एकाच वेळी लख्ख दिसत असतील तर चित्र खोटं वाटतं, हे कॅमेरा हाताळलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मॉडेलच्या तयार लायब्ऱ्यांमधलं सामान मात्र आपल्या घरांना क्वचितच शोभतं. फळांच्या टोपल्या, वाइनचे ग्लास आणि फायरप्लेस हवे तेवढे मिळतात. वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, एसीचा पाइप, ओट्याखालचा सिलिंडर, देवघर आणि कपडे वाळत घालायची दोरी आपली आपण करावी लागते. ती करायचा कंटाळा आला की स्विचबोर्ड टीव्ही पॅनलच्या मागे जातो आणि प्युरिफायरला जागाच उरत नाही. या वस्तूंची साधी मॉडेलं कशी करायची यावर म्हणूनच एक वेगळं प्रकरण आहे.

चित्रावर पैसे दिले जातात तेव्हा प्रश्न नुसत्या कलेचा राहत नाही. २०१६ च्या रिअल इस्टेट कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला माघार घ्यायची असेल तर त्याची रक्कम व्याजासह परत करावी लागते. हे कलम बिल्डरांसाठी आहे. पण दोन खोल्यांचं इंटिरियर करणाऱ्यालाही त्यातून एक सवय लावून घेता येईल: चित्रातली प्रत्येक वस्तू एकतर कोटेशनमध्ये असावी, नाहीतर 'फक्त सजावटीसाठी' असं त्याच पानावर लिहिलेलं असावं. एआयने क्षणात काढलेल्या चित्रांच्या काळात ही सवय जास्त गरजेची झाली आहे. मोबाइलवरचा रिकाम्या हॉलचा फोटो दिला की सजवलेला हॉल मिळतो खरा, पण वाटेत बीम गायब होतो, खिडकी फूटभर रुंदावते आणि सोफ्याला कोणतंही माप नसतं. मनाचा कल ओळखायला ती चित्रं ठीक आहेत. त्यांच्यावरून प्लाय कापता येत नाही.

पुस्तक कोणत्याही एका सॉफ्टवेअरला बांधलेलं नाही. उदाहरणं मुख्यतः स्वीट होम थ्रीडी, स्केचअप आणि ब्लेंडर यांतली आहेत. पहिलं आणि तिसरं मोफत आणि मुक्तस्रोत आहे. साधा नकाशा टाकून स्वतःच्या घराची मांडणी पाहायची असेल तर स्वीट होम थ्रीडी पुरे; त्यातही होकायंत्राला अक्षांश-रेखांश आणि चित्राला तारीख-वेळ देता येते. पहिल्या भागात माप घेणं, दुसऱ्यात ऊन आणि दिवे, तिसऱ्यात साहित्य, चौथ्यात कॅमेरा आणि शेवटच्या भागात गिऱ्हाइकासमोर व सुतारासमोर चित्र कसं ठेवायचं, असा क्रम आहे. घाईत असलेल्या विद्यार्थ्याने तिसऱ्या भागावर उडी मारली तरी चालेल, पण माप घेण्याचा भाग टाळू नये. ज्यांना स्वतः काही काढायचं नाही, फक्त आपल्या घराचं आलेलं चित्र पारखायचं आहे, त्यांनी दुसरा आणि चौथा भाग वाचला तरी डिझायनरला विचारायचे प्रश्न सापडतील: उत्तर कुठे धरली, तारीख कोणती, कॅमेरा कुठे उभा आहे?

पहिला सराव मुद्दाम नव्या घराचा ठेवलेला नाही. तुम्ही आत्ता ज्या खोलीत बसला आहात तिची मापं टेपने घ्या, मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर पाहा, एका जागी उभं राहून फोटो काढा आणि तारीख-वेळ टिपून ठेवा. मग तीच खोली, त्याच जागेवरून, त्याच वेळेच्या उन्हात सॉफ्टवेअरमध्ये उभी करा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. फरक दिसतीलच. ते एकेक करून कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर कोणता आकडा चुकला ते शोधा. ती यादी घेऊन पहिल्या प्रकरणाकडे वळा. पुढची सगळी प्रकरणं त्या यादीतल्या ओळी एकामागून एक खोडण्यासाठीच लिहिली आहेत.